भांड्यावर नाव कोणाचे?

निकाहची तारीख पक्की झाली की घरात दोन याद्या होतात. एक पाहुण्यांची आणि दुसरी भांड्यांची. पाहुण्यांच्या यादीवरून रुसवेफुगवे होतात, कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे यावर रात्र रात्र चर्चा चालते. भांड्यांच्या यादीवर मात्र कोणी बोलत नाही. मुलीची अम्मी सांगत जाते, घरातले कोणीतरी शाळेच्या वहीत लिहीत जाते. देगच्या पाच, परात दोन, हंडा एक, बधना एक, डबे बारा, ताटे-वाट्या दोन डझन. यादी वाढत जाते आणि शेवटी मुलीचे अब्बा निमूटपणे बिल भरतात. ज्या खरेदीवर आपली कुटुंबे वर्षभराची बचत घालवतात, ती आपण सगळ्यात कमी विचार करून करतो. म्हणून या वेळी भांड्यांवरच लिहायचे ठरवले.

आमचे पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातले गाव. कापूस आणि सोयाबीनचा पैसा हातात आला की लग्ने निघतात. भांड्यांसाठी लोक खामगाव किंवा नांदुरा गाठतात. रोजच्या वापराचे स्टील तिथे हवे तेवढे मिळते. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा आपांच्या मनात एक जाड तांब्याची देगची आणि एक हंडा होता. तशी चार भांडी शेजारी शेजारी ठेवून निवडता येतील असे दुकान जवळपास दिसेना. नाशिकला आमचे नातलग आहेत, आणि नांदुऱ्याहून भुसावळ, मनमाड करत नाशिक रोड एकाच रेल्वेमार्गावर आहे. म्हणून आपा, भाभी, भाची आणि आम्ही असे चौघे जण नाशिकच्या भांडी बाजारात गेलो.

भांड्यांचा आख्खा बाजार

जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागूनच भांडी बाजार आहे. जवळच तांबट लेन. नाव सांगते तसे हे तांबटांचे, म्हणजे तांबे ठोकून भांडे घडवणाऱ्यांचे ठिकाण. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना महाराष्ट्रात पूर्वीपासून नाव आहे. गोदावरीच्या काठी तीर्थाला येणारे यात्रेकरू परतताना तांब्याचा गडू घेऊन जात आणि लग्नाची खरेदी करणारे हंडे, घागरी, बंब नेत. हा भाग नदीपासून इतका जवळ आहे की गोदेला मोठा पूर आला म्हणजे सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरल्याच्या बातम्या येतात. तरीही बाजार तिथेच आहे.

एकाच वस्तूची दुकाने ओळीने असण्याचे काही फायदे असतात. एका दुकानात देगची तीन किलोची आणि दुसऱ्यात तेवढ्याच आकाराची दोन किलोची दिसली की जाडी म्हणजे काय हे कोणी न सांगता कळते. शेजारी दुसरे दुकान उघडे असल्यामुळे दुकानदारही भाव जरा जपून सांगतो. शिवाय अशा बाजारात दुरुस्ती करणारा असतो, कल्हईवाला असतो, जुनी मोड घेणारा असतो.

महाराष्ट्रात असे बाजार आणखी आहेत. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले कारागीर भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला चकाकी येते. पुण्यातच रविवार पेठेतली बोहरी आळी घाऊक खरेदीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तुळशीबागेत संसाराच्या भांड्यांबरोबर मुलींच्या भातुकलीची भांडीही मिळत आली आहेत. मुंबईत पायधुनीजवळ तांबा काटा आहे. पुष्कळांना भेंडी बाजार हे नावही भांड्यांवरूनच पडले असावे असे वाटते. पण क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून इंग्रज त्याला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत आणि त्याचेच भेंडी बाजार झाले, असे सांगतात. कोणी भेंडीच्या झाडांचाही हवाला देतात. विदर्भात भंडारा पितळेसाठी ओळखला जातो. उत्तरेत मुरादाबादला पितळनगरी म्हणतात, आणि तिथल्या कारागिरांत मुस्लिम कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत.

घरात एक शब्द, दुकानात दुसरा

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे बाजारात आमचे कान शब्दांकडे जातात. आपा म्हणाल्या, “देगची दाखवा.” दुकानातल्या काकांनी विचारले, “पातेले की तपेले, ताई?” भाभींनी कफगीर मागितला, त्यांनी झारा काढला. रकाबी म्हटले की बशी आली. बधन्यासाठी मात्र भाभींना हाताने तोटी दाखवावी लागली. आपली मुले घरात एक आणि बाहेर दुसरा शब्द वापरतात, याचे पुष्कळ पालकांना ओझे वाटते. पण स्वयंपाकघर पाहिले तर हे शब्द फार पूर्वीच एकमेकांत मिसळलेले आहेत. मराठी घरात पूजेचे साहित्य ज्या तबकात ठेवतात तो शब्द अरबी आहे. पेला हा फारसीतला प्याला आहे. सुरई दोन्हीकडची आहे. तवा आणि चिमटा मागताना तर कोणालाच भाषा बदलावी लागत नाही.

काय पाहून घ्यावे?

तांबे आणि पितळ वजनावर विकले जाते. किलोचा भाव आणि त्यावर मजुरी असा हिशेब असतो. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत. काही भांड्यांच्या वळवलेल्या काठात लोखंडी तार असते, किंवा कड्या लोखंडी असतात. त्यांचे वजन तांब्याच्या भावाने लागते का, हे आधी विचारून घ्यावे. तराजूवर वजनमापे विभागाचा शिक्का असला पाहिजे. जुनी भांडी मोडीत द्यायची असतील तर मोडीचा भाव नव्या भांड्याच्या गडबडीत न ठरवता आधी, स्वतंत्रपणे ठरवावा.

तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात शिजवायचे असेल तर आत कल्हई हवीच. दही, टोमॅटो, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागले की पदार्थ कळकतो. त्यात तांब्याचा अंश उतरतो, चव बिघडते, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. आपल्या बिर्याणीत आणि सालनात दही-टोमॅटो असतातच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडे तापवतात, नवसागर टाकून आतली बाजू स्वच्छ करतात आणि वितळलेले कथील कापसाने सगळीकडे फिरवतात. कथील शुद्ध असावे, त्यात शिशाची भेसळ नसावी, हे कल्हईवाल्याला स्पष्ट सांगावे. शिसे अंगात साठते आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, कथील फक्त २३२ अंशांना. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे असताना मोठ्या आचेवर ठेवू नये. आधी तेल घालावे, मग मंद आचेवर ठेवावे. घासायला तारेची घासणी नको, ढवळायला लाकडी डाव बरा. आतून तांबूस रंग दिसू लागला की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. रात्री तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवायला हरकत नाही, मात्र लिंबाचे शरबत किंवा ताक त्यात ठेवू नये.

स्टील घेताना बहुतेक लोक चुंबक लावून पाहतात. चिकटले नाही की चांगले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते सहसा चुंबकाला चिकटत नाही आणि गंजाला चांगले तोंड देते. पण २०० मालिकेतले स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यात महागडे निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते आणि मीठ-आंबटापुढे ते लवकर डागाळते. म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नये. नंबर विचारावा आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. ‘फूड ग्रेड’ असे नुसते म्हटल्याने नंबर कळत नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांसाठी मानक क्रमांक आयएस १४७५६ आहे आणि ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६०. खरेदीच्या वेळी भांड्याच्या बुडाशी हे चिन्ह शोधावे. इंडक्शनची शेगडी असेल तर मात्र चुंबक जरूर न्यावे. त्या शेगडीवर चुंबक चिकटणाऱ्या बुडाचेच भांडे चालते.

ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात. ते हलके आणि स्वस्त असते, लवकर तापते. वलीम्याच्या मोठ्या देगा बहुतेक जर्मनच्याच असतात. त्यात शिजवले तरी आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नयेत, दुसऱ्या भांड्यात काढावेत. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. त्याचा लेप साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो.

आता दोन गोष्टी खास आपल्या घरांसाठी. पहिली चांदीची. आमचे खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे, लोक त्याला रजतनगरी म्हणतात. बाळाला चांदीची वाटी-चमचा भेट देण्याची पद्धत आपल्याकडेही शिरली आहे. बायकांना चांदीचे दागिने जायज आहेत, पण सोन्या-चांदीच्या भांड्यात खाण्यापिण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे आणि ती पुरुष व स्त्रिया दोघांनाही आहे. तेवढ्याच पैशात बाळासाठी पैंजण घ्यावेत. दुसरी गोष्ट ‘बोन चायना’ची. या चिनी मातीत हाडांची राख असते, साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत, आणि ती बहुधा गुरांच्या हाडांची असते. जळून राख झाल्यावर त्या वस्तूचा हुकूम काय, याबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. साध्या पोर्सिलेनमध्ये हाडांची राख नसते. ज्यांना वादच नको त्यांनी ते घ्यावे.

मोडीतून वाचलेली देगची

आपांनी येताना एक जुनी पितळेची देगची पिशवीत घालून आणली होती. ती आमच्या नानींच्या निकाहातली. आत काळी पडलेली, बाहेर एक पोचा. मोडीत घालून तेवढेच बिल कमी करावे असा विचार होता. दुकानातल्या काकांनी ती हातात तोलली, बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, “ताई, ही मोडीत घालू नका. एवढ्या जाडीचे पितळ आता मागणीशिवाय कोणी करत नाही. पोचा काढा, कल्हई करा, अजून दोन पिढ्या जाईल.” गिऱ्हाइकाला नवे भांडे विकण्याऐवजी जुने जपा म्हणणारा दुकानदार भेटला, हे या खरेदीतले आमचे नशीब.

देगचीच्या काठाखाली छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे कोरलेली होती. ती वाचायला भाचीने देगची उजेडात नेली. नाव होते नानींच्या अब्बांचे, खाली गाव आणि साल. आमच्या घरात नानींच्या लग्नातली आणखी चार भांडी आहेत. परत आल्यावर ती सगळी काढून पाहिली. दोघांवर त्यांच्या अब्बांचे नाव आहे, दोघांवर आमच्या नानांचे. ज्या बाईने पन्नास वर्षे त्या भांड्यांत शिजवले, घासले, वाढले, तिचे नाव एकाही भांड्यावर नाही.

नवी देगची आणि हंडा बांधण्याआधी काकांनी नाव घालायचे विजेचे यंत्र काढले आणि विचारले, “नाव काय घालू?” आपांनी भाचीच्या अब्बांचे नाव सांगितले. भाची म्हणाली, “माझे घाला.” आपा गडबडल्या. मुलीच्या नावाची भांडी सासरी गेली तर लोक म्हणतील, आल्याबरोबर वेगळी चूल मांडते की काय. भाभींना वाटले की नवऱ्यामुलाचे नाव घालावे, म्हणजे सासरचे खूश राहतील. भाची हळू आवाजात पण ठामपणे बोलली. देगचीचे पैसे तिने दोन वर्षांच्या शिकवणीतून साठवलेले होते. निकाहनंतरही तिचे नाव बदलणार नव्हते. मग भांड्यावर दुसऱ्याचे नाव कशाला? काका यंत्र हातात धरून हसत होते. “मावशी, नाव कोणाचेही सांगा, मशीनला सगळी सारखीच.” शेवटी आपांनी मान हलवली. देगचीवर आणि हंड्यावर भाचीचे नाव आले, त्याखाली तिच्या अब्बांचे.

सासरी भांडी उघडली तेव्हा तिच्या सासूबाईंनी ते नाव वाचले. “आमच्या वेळी आम्हाला कोणी विचारले नव्हते,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

टोकियोतली भांडेगल्ली

भांड्यांच्या बाजारांत जगात ज्याचे नाव फार घेतले जाते तो टोकियोचा कप्पाबाशी. उएनो आणि असाकुसा या दोन भागांच्या मध्ये सुमारे ८०० मीटर लांबीचा हा रस्ता आहे आणि त्यावर साधारण १७० दुकाने आहेत. १९१२ च्या सुमारास तिथे जुनी भांडी-अवजारे विकणारे जमू लागले आणि हळूहळू सगळा रस्ताच खानावळींना लागणाऱ्या सामानाचा झाला. एका इमारतीच्या माथ्यावर उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचे प्रचंड डोके आहे, तीच बाजाराची खूण. हॉटेलांच्या काचेत मांडायचे मेणा-प्लास्टिकचे खोटे पदार्थसुद्धा तिथे विकत मिळतात. दरवर्षी ९ ऑक्टोबर हा ‘अवजारांचा दिवस’ म्हणून पाळतात, कारण जपानीत दहा आणि नऊ हे आकडे ‘दोगू’ म्हणजे अवजार या शब्दासारखे वाचता येतात.

दुसऱ्याचे दस्तरख्वान पाहिले की आपले जास्त नीट दिसते. आपल्याकडे वाट्या सहाच्या किंवा बाराच्या संचात घेतात. जपानमध्ये संच पाचाचा असतो, कारण चार या आकड्याचा एक उच्चार मृत्यूसारखा आहे आणि तो टाळतात. जपानी घरात भाताचा वाडगा आणि काड्या प्रत्येकाच्या स्वतःच्या असतात. अब्बांचा वाडगा मुलगा घेत नाही. आपल्याकडे याच्या उलट, एका मोठ्या थाळ्याभोवती घरातली सगळी बसतात. बोहरा कुटुंबांत तर आठ-आठ जण एका थाळाभोवती बसतात आणि जेवणाची सुरुवात मिठाने करतात. नवरा-बायकोसाठी तिथे जोडवाडगे विकतात, त्यात परंपरेने नवऱ्याचा मोठा आणि बायकोचा लहान. एका थाळ्यात जेवणाऱ्या आपल्या घरांत लहान-मोठा वाडगा नाही. पण चांगली बोटी कोणाच्या बाजूला सरकवली जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कप्पाबाशीत सुऱ्यांची दुकाने पुष्कळ आहेत. जपानी सुरी धारेसाठी प्रसिद्ध आहे. कुर्बानीच्या जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी आधी नीट परजून घ्यावी, ही शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या लोकांना धारेचे मोल सांगावे लागत नाही. तिथल्या कित्येक दुकानांत सुरी विकत घेतली की तिच्या पात्यावर नाव कोरून देतात, आणि नाव ती वापरणाऱ्याचे असते. नाशिकच्या काकांचे यंत्र आणि टोकियोची छिन्नी एकच काम करतात. नाव कोणाचे सांगायचे, ते गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

यादी, पावती आणि कायदा

नावाचा हा आग्रह काही जणांना पोरखेळ वाटेल. पण आपल्या परिसरात तलाक होऊन मुलगी माहेरी येते तेव्हा काय होते, ते आम्ही पाहिले आहे. जमातीचे पंच बसतात. माहेरचे म्हणतात, एवढी भांडी आम्ही दिली. सासरचे म्हणतात, ही तर आमची, हे बघा, आमच्या मुलाचे नाव. पावती कोणी ठेवलेली नसते, यादीची वही कधीच हरवलेली असते. माहेरच्यांनी कौतुकाने जावयाचे घातलेले नावच मग मुलीच्या विरुद्ध पुरावा म्हणून दाखवले जाते.

कायद्याने यासाठी सोय केलेली आहे, फक्त आपण ती वापरत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. हुंडा मागणे, देणे आणि घेणे तिन्ही गुन्हा आहे. मेहर त्यात येत नाही, कारण मेहर हा मुलीचा हक्क आहे. कोणतीही मागणी नसताना, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीबाहेर न जाता दिलेल्या भेटींना हा कायदा हुंडा म्हणत नाही, पण त्यांची यादी ठेवायला सांगतो. १९८५ च्या नियमांप्रमाणे ही यादी निकाहच्या वेळी लेखी करायची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते त्यात लिहायचे. वधू आणि वर दोघांनी सही करायची. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे मुलीच्या लग्नात दुसऱ्या कोणी हुंडा घेतला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत मुलीच्या हवाली करावा लागतो. मुस्लिम महिलांसाठीच्या १९८६ च्या कायद्यातले कलम ३ सांगते की निकाहच्या आधी, त्या वेळी किंवा नंतर तिला नातेवाईकांनी, मित्रांनी, नवऱ्याने किंवा त्याच्या नातलगांनी दिलेल्या वस्तूंवर तलाकनंतर तिचा हक्क आहे, आणि त्या मिळाल्या नाहीत तर ती मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. सही केलेली यादी हातात असली तर हे सारे सोपे होते.

काही घरांत यादीचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. आनंदाच्या वेळी हिशेब कशाला, म्हणतात. मेहरची रक्कम निकाहनाम्यात लिहितोच ना आपण? गवाहांच्या सह्या घेतोच ना? मग देगचीची नोंद केल्याने कोणाचा अपमान होतो?

यादी लिहिण्याचा आणखी एक फायदा असतो. किंमत कागदावर आली की वस्तू किती जास्त झाल्या ते दिसते. आमच्या भाचीच्या वहीत सुरुवातीला ७४ भांडी होती. प्रत्येकापुढे ‘आठवड्यातून किती वेळा लागेल’ असा रकाना आम्ही केला, तेव्हा ३१ उरली. गेली ती शोभेच्या कपाटातली काचेची भांडी, तिसरा डिनर सेट आणि एकात एक बसणारे डबे. त्यातून वाचलेल्या पैशांत जाड बुडाची भांडी आली. आपांच्या मनात थोडी खंत होती. मुलाकडचे म्हणाले होते, “आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते तुम्ही बघा.” हे वाक्य किती महाग पडते, ते मुलींच्या आईबापांना विचारावे. मुलाकडच्यांना खरोखर काही नको असेल तर त्यांनी तेवढ्यावर न थांबता सांगावे की घरात भांडी आहेत, नवी आणू नका.

सीरतच्या किताबांत हजरत अली आणि बीबी फातिमा (रजि.) यांच्या निकाहचे वर्णन येते. हजरत अलींनी आपले चिलखत विकून मेहरची रक्कम उभी केली आणि त्यातूनच घराचे सामान आले. जाते, पाण्याची मश्क, मातीचे घडे, खजुराच्या सालीने भरलेली उशी, असे ते सामान होते. जहेजच्या समर्थनार्थ हे उदाहरण देणाऱ्यांनी पैसे कोणाकडून आले होते, तेही सांगितले पाहिजे.

येत्या हंगामात ज्यांच्या घरी निकाह आहे त्यांनी एवढे करावे. यादी मुलीला विचारून करा, कारण स्वयंपाकघर ती चालवणार आहे. आणि मुलालाही विचारा, कारण जेवणार तोही आहे. घरातले जुने पितळ मोडीत घालण्यापूर्वी एकदा कल्हईवाल्याला दाखवा. संख्या कमी ठेवा, जाडी चांगली घ्या. स्टीलचा नंबर आणि तांब्याचे वजन पावतीवर लिहून घ्या आणि पावती मुलीच्या नावाने करा. यादीच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर वधू-वरांच्या सह्या घ्या आणि एक मुलीच्या पेटीत ठेवा. दुकानदाराने नाव विचारले की मुलीकडे वळून विचारा, बेटा, कसे लिहायचे? अल्लाह आपल्या मुलींच्या चुलीत बरकत देवो, आणि ती यादी कधी पेटीतून बाहेर काढायची वेळ कोणावर न येवो. आमीन.